कच्चं चित्र आणि पक्की भिंत : विल्यम डाइस यांची नाकारलेली ‘धर्मनिष्ठा’



या मालिकेत आपण बहुतेक वेळा पूर्ण झालेल्या आणि नावाजलेल्या कलाकृतींबद्दल बोललो. आज आम्ही मुद्दाम एक अपुरी गोष्ट निवडली आहे. एक छोटं जलरंगातलं चित्र आहे, दोन हातांत सहज धरता येईल एवढं. ते १८४९ साली लंडनच्या पार्लमेंटमधल्या एका भिंतीसाठी तयारी म्हणून काढलं गेलं. भिंतीवर ते कधीच उतरलं नाही, कारण ते नाकारलं गेलं. आज ते एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. चित्रकाराचं नाव विल्यम डाइस. चित्राचं शीर्षक लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर ‘धर्मनिष्ठा : गोलमेजाचे नाइट पवित्र ग्रेलच्या शोधाला निघण्याच्या बेतात’. इंग्रजीतला पहिला शब्द ‘पायटी’.

प्रश्न असा आहे की धर्मनिष्ठेसारख्या सद्गुणाचं चित्र सरकारी आयोगाला का नको झालं? त्याच्या जागी जे चित्र आलं त्यातही धर्मच होता, तेच नाइट होते आणि चित्रकारही तोच होता. मग फरक काय पडला? आमच्या मते हा फरक समजून घेतला, तर राज्यसंस्था सद्गुणांकडे कशा नजरेनं बघते हेही थोडंफार समजतं.

आधी इतिहास. १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जळाला. कारण ऐकण्यासारखं आहे. सरकारी खजिन्यात हिशेबासाठी वापरायच्या खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या शतकानुशतकं साठल्या होत्या. ती पद्धत बंद झाली, तेव्हा त्या काठ्या उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या, आणि त्यांच्याबरोबर पार्लमेंटही गेलं. जुना हिशेब मिटवायला गेले आणि घरच पेटलं!

नवी इमारत चार्ल्स बॅरी यांनी उभारायला घेतली, आतली गॉथिक सजावट प्युजिन यांची. भिंती रंगवायच्या कशा हे ठरवायला १८४१ साली एक ललितकला आयोग नेमला गेला. अध्यक्ष होते राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट, वय अवघं बावीस. ते जर्मन. तिकडे म्युनिकमध्ये लुडविग राजानं भिंतीच्या भिंती फ्रेस्कोनं रंगवून घेतल्या होत्या आणि राष्ट्राच्या कथा राजवाड्यात चढवल्या होत्या. असं काही इंग्लंडमध्येही व्हावं ही कल्पना तिथूनच आली.

१८४३ साली वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये स्पर्धा झाली. भित्तिचित्राच्या आधी कागदावर पूर्ण मापाचं रेखाटन करतात, त्याला ‘कार्टून’ म्हणतात. अशी मोठमोठी, गंभीर, उदात्त कार्टूनं तिथं मांडली होती. त्याच वर्षी ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं आपली स्वतःची ‘कार्टूनं’ छापायला घेतली. पहिल्यात भुकेले, फाटके लोक प्रदर्शनातल्या भारदस्त चित्रांकडे बघताना दाखवले होते. चित्रकार जॉन लीच. आज आपण ‘कार्टून’ म्हटलं की व्यंगचित्र समजतो, तो अर्थ इथून सुरू झाला. म्हणजे सरकारनं भिंतीवर उदात्तता चढवायला घेतली, तेव्हाच रस्त्यावरून प्रश्न आला होता : हे सगळं कोणासाठी?

आता डाइस. जन्म १८०६, ॲबरडीनचा माणूस. तरुणपणी रोमला गेला. तिथं ‘नाझरीन’ म्हणून ओळखले जाणारे जर्मन चित्रकार जुनी ख्रिस्ती भित्तिचित्रकला पुन्हा जिवंत करू पाहत होते, त्यांचा त्याच्यावर प्रभाव पडला. माणूस नाना विषयांत बुडालेला : चर्चचं संगीत, कलाशिक्षण, थोडंफार विज्ञानसुद्धा. १८३८ पासून काही वर्षं तो लंडनच्या सरकारी डिझाइन शाळेचा प्रमुख होता. आपल्याला हे नाव परकं वाटेल, पण एक धागा आपल्यापर्यंत येतो. त्याच शाळेतून पुढे साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धत वाढली, आणि त्याच पद्धतीत तयार झालेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ साली मुंबईला सर जे. जे. स्कूलमध्ये शिकवायला आले. विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला करणारे ते हेच. डाइसनं ज्या शिस्तीचा पाया घालायला मदत केली, ती शिस्त अशा वाटेनं आपल्याकडच्या चित्रकारांच्या हातात पोचली.

परत लंडनला जाऊ. उमरावांच्या सभागृहात डाइसनं ‘एथेलबर्टचा बाप्तिस्मा’ हे फ्रेस्को १८४६ पर्यंत पूर्ण केलं. ते सगळ्यांना आवडलं. पुढे १८४७ साली प्रिन्स अल्बर्टशी गप्पा मारताना त्यानं सुचवलं, की जर्मनांची जशी निबेलुंगांची गाथा, तशी इंग्रजांची राजा आर्थरची कथा आहे. टॉमस मॅलरी यांचा हा ग्रंथ कॅक्स्टन यांनी १४८५ साली छापला होता. मधल्या काळात तो विस्मरणात गेला. १६३४ नंतर थेट १८१६ सालीच पुन्हा छापला गेला. कल्पना अल्बर्टना पसंत पडली. १८४८ साली राणीच्या वस्त्रदालनासाठी सात फ्रेस्कोंचं काम डाइसकडे आलं. वस्त्रदालन म्हणजे पार्लमेंटचं अधिवेशन सुरू करण्याआधी राजा किंवा राणी जिथं राजवस्त्रं आणि मुकुट धारण करतात ती खोली.

पण काम हातात आल्यावर डाइसच्या लक्षात आलं की ग्रंथ सोपा नाही. मॅलरीची कथा ही सद्गुणांची पोथी नव्हे. राजाचा सर्वांत लाडका नाइट लान्सलॉट आणि राणी ग्विनेव्हिअर यांच्या प्रेमसंबंधातूनच राज्य कोसळतं. आता राणी व्हिक्टोरियाच्या कपडे घालायच्या खोलीत हे कसं रंगवायचं? डाइसनं आयोगाला कळवलं की सलग कथा सांगण्याऐवजी नाइटांना नैतिक गुणांची मूर्त रूपं मानावं आणि एकेका चित्रात एकेक गुण दाखवावा. गोष्टीचं रूपक करायचं. रूपक केलं की कथेतला नको तो भाग आपोआप चौकटीबाहेर जातो.

इथं आपण तत्त्वज्ञानाच्या अंगानं थोडं थांबू. रूपक म्हणजे काय? अमूर्त गोष्टीला हातपाय द्यायचे. आपल्याकडे कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ नाटकात विवेक आणि मोह हे राजे होऊन एकमेकांशी लढतात, ते रूपकच. हेगेलला हा प्रकार फारसा रुचत नसे. सौंदर्यशास्त्रावरच्या व्याख्यानांत तो रूपकाला थंड म्हणतो. त्याचं म्हणणं ढोबळ मानानं असं, की रूपकातली व्यक्ती ही खरी व्यक्ती नसते, ती एका कल्पनेची पाटी घेऊन उभी असते. न्यायदेवता घ्या. तिला भूक लागत नाही, तिचा भाऊ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा नसतो. म्हणून तिचा न्याय सोपा असतो.

ॲरिस्टॉटल उलट बाजूनं येतो. त्याच्या मते सद्गुण ही भिंतीवर लावायची वस्तू नव्हे. तो कृतीत आणि निवडीत दिसतो. शौर्य कुठं दिसतं? जिथं भीती आहे तिथं. औदार्य कुठं? जिथं देताना काही जातं तिथं. म्हणजे गुणाबरोबर त्याची किंमतही चित्रात यायला हवी, नाहीतर गुण कोणता हेही कळणार नाही.

आता १८४९ च्या त्या जलरंगाकडे या. धर्मनिष्ठा दाखवायला डाइसनं मॅलरीतला कोणता क्षण निवडला? पेंटेकॉस्टचा सण आहे. दरबारात ग्रेल, म्हणजे ते पवित्र पात्र, वस्त्रानं झाकलेल्या रूपात अवतरतं आणि नाहीसं होतं. ते उघड्या डोळ्यांनी बघेपर्यंत शोध घेईन अशी शपथ आधी गवेन वाहतो, मग सगळेच वाहतात. मॅलरीत ते दीडशे नाइट आहेत. आनंद व्हायला हवा ना? राजा आर्थर मात्र रडतो. त्याला कळलेलं असतं की ही मंडळी पुन्हा अशी एकत्र कधीच बसणार नाही. आणि तसंच होतं. पुष्कळ जण परतत नाहीत. ग्रेलपर्यंत पोचणाऱ्या तिघांपैकी, म्हणजे गॅलाहॅड, पर्सिव्हल आणि बोर्स यांच्यापैकी, एकटा बोर्स परत येतो.

डाइसनं हा निरोपाचा क्षण घेतला. शीर्षकातले शब्द बघा : ‘निघण्याच्या बेतात’. ग्रेल अजून सापडलेला नाही, कोणाला साक्षात्कार झालेला नाही. एक भरलेलं घर रिकामं होतं आहे, एवढंच. धर्मनिष्ठा आहे ती निघणाऱ्यांच्या मनात. आणि तिचा घाव बसतो मागे राहणाऱ्यांवर.

ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. राम वनात जातो तो वचनासाठी, पण प्राण दशरथाचे जातात. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, तेव्हा आळंदीत रुक्मिणीबाई मागे राहिल्या होत्या. परंपरेनं या कथा सांगताना मागे राहणाऱ्याला वगळलं नाही, हे तिचं मोठेपण आहे. धर्मासाठी घर सोडणारा थोर असेल. पण घर सुटतं तेव्हा घराचं काय होतं, हा प्रश्न त्या थोरपणाच्या आतच बसलेला असतो. डाइसच्या त्या छोट्या कागदावर हा प्रश्न आहे. तो स्वतः निष्ठावान, उच्च-चर्च परंपरेतला माणूस होता. म्हणजे हे चित्र धर्मावर टीका करायला काढलेलं नाही. श्रद्धेची किंमत श्रद्धावान माणसालाच नीट ठाऊक असते, असं आम्हाला वाटतं.

हे चित्र आयोगानं स्वीकारलं नाही. त्याच्या जागी डाइसनं ‘धर्म : सर गॅलाहॅड आणि त्याच्या साथीदारांना झालेलं दर्शन’ हे फ्रेस्को १८५१ साली पूर्ण केलं. तिथं वर ख्रिस्त सिंहासनावर, भोवती चार शुभवर्तमानकार, खाली गॅलाहॅड आणि त्याचे सोबती. रचना स्थिर, दोन्ही बाजूंनी तोललेली. राफाएलच्या धर्मचर्चेच्या भित्तिचित्राची आठवण करून देणारी. चित्र उत्तम आहे, त्याबद्दल शंका नको. पण काय बदललं पाहा. आधीच्या चित्रात शोधाची सुरुवात होती, इथं प्राप्ती आहे. आधी राजा होता, इथं राजा नाही. आधी दरबार फुटत होता, इथं फुटण्यासारखं काही उरलेलंच नाही. आणि नावही बदललं : ‘धर्मनिष्ठा’ गेली आणि ‘धर्म’ आला. निष्ठा ही माणसाची असते, ती कमीजास्त होते, तिला यातना होतात. ‘धर्म’ म्हटलं की संस्था झाली.

साल विसरू नका. १८४८ साली युरोपभर सिंहासनं डळमळली होती. त्याच एप्रिलमध्ये लंडनच्या केनिंग्टन मैदानावर चार्टिस्टांचा मोठा जमाव जमला आणि सरकारनं शहराच्या बंदोबस्ताची जय्यत तयारी केली. चर्चमध्येही तणाव होता. १८४५ साली न्यूमन रोमन कॅथलिक झाले होते आणि त्यांच्यामागे आणखी काही जण गेले होते. अशा वेळी राजाची सर्वांत विश्वासू माणसं, धर्माच्या हाकेला ओ देऊन, राजाला रडत सोडून निघाली आहेत, असं चित्र राणीच्या खोलीत लावायचं? आयोगातल्या मंडळींच्या मनात नेमकं हेच होतं असा दावा आम्ही करत नाही. पण त्या वर्षांत ते चित्र कसं वाचलं गेलं असतं, याचा अंदाज बांधायला फार विद्वत्ता लागत नाही.

आता गंमत पाहा. किंमत चौकटीबाहेर ठेवायची ठरवलं, तरी ती आत शिरतेच. वस्त्रदालनातली बाकीची चित्रं बघू. ‘औदार्य’ : घोड्यावरून पडलेल्या आर्थरला लान्सलॉट जीवदान देतो. छान. पण ही लढाई कशासाठी चालली आहे? राणीच्याच प्रकरणासाठी. ‘सौजन्य’ : ट्रिस्ट्रम सुंदर इझूडला वीणेसारखं हार्प वाजवून दाखवतो. छान. पण ही इझूड पुढे ट्रिस्ट्रमच्या मामाची बायको होणार आहे आणि दोघांची शोकांतिका तिथूनच सुरू होते. ‘दया’ : स्त्रियांच्या विरोधात कधी जाणार नाही अशी शपथ गवेन घेतो. का घेतो? शरण आलेल्या एका नाइटला दया न दाखवता तो मारायला धावला, मध्ये त्या नाइटची प्रिया आडवी आली आणि गवेनच्या हातून तिचं शिर उडालं म्हणून. ‘आतिथ्य’ म्हणून ट्रिस्ट्रमचं गोलमेजात स्वागत होतं. मोडणाऱ्या मेजावर आणखी एक खुर्ची.

प्रत्येक गुणाच्या पाठीमागे एकेक चूक उभी आहे. कथा वाचलेल्याला ती दिसते, पाटी वाचणाऱ्याला दिसत नाही. रूपकाचा हाच स्वभाव : ते पाटी वाचणाऱ्यासाठी असतं. आपल्या शाळांमध्ये फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक सुविचार लिहितात, तसं. ‘नेहमी खरं बोलावं.’ बरोबरच आहे. पण खरं बोलल्यामुळे कोणाची नोकरी गेली, कोणाचं घर तुटलं, हे फळ्यावर लिहिलेलं नसतं. आणि मूल मोठं झाल्यावर त्याला पहिल्यांदा ती किंमत मोजावी लागते, तेव्हा त्याला वाटतं आपली फसवणूक झाली.

तंत्राबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याचा या सगळ्याशी संबंध आहे. खरं फ्रेस्को ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर करतात. एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा, तो ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावायचा. चुना हवा घेऊन घट्ट होतो आणि रंग त्याच्यात कोंडला जातो. चूक झाली तर पुसता येत नाही. तेवढा गिलावा खरवडून काढून पुन्हा सुरुवात करायची. म्हणूनच आधी जलरंगात रचना आणि रंग ठरवून घ्यायचे, मग कार्टून, मग भिंत. जलरंगाच्या कागदावर मत बदलता येतं, भिंतीवर येत नाही. शंकेला जी जागा मिळते ती फक्त कच्च्या चित्रात. भिंत शंका ठेवून घेत नाही. आणि ज्यानं ती भिंत बांधून घेतली आहे, त्यालाही शंका नको असते.

लंडनचं दमट हवामान आणि कोळशाचा धूर इटलीतल्या या तंत्राला मानवत नव्हता. थंडीच्या महिन्यांत काम जवळजवळ ठप्प व्हायचं, नाइटांची चिलखतं रंगवताना वेळ जायचा. ठरलेली मुदत टळून गेली, टीका झाली. डाइस १८६४ साली वारला तेव्हा ‘आतिथ्य’ अपुरं होतं. ते चार्ल्स कोप यांनी पुरं केलं. सातांपैकी दोन चित्रं झालीच नाहीत. वेस्टमिन्स्टरच्या त्या काळातल्या अनेक फ्रेस्कोंना ओल आणि धूर लागून ती लवकरच खराब होऊ लागली. पक्की म्हणून रंगवलेली भिंत दुरुस्तीला आली, आणि नाकारलेला तो कागद मात्र एडिंबरोत नीट जपलेला आहे.

यावरून डाइस बिचारा आणि आयोग दुष्ट असा निष्कर्ष आपण काढू नये. आयोगाची बाजूही आहे. राज्य चालवायला काही गोष्टी ठाम सांगाव्या लागतात. प्रत्येक सार्वजनिक भिंतीवर मानवी जीवनाची शोकांतिका रंगवत बसलो, तर उद्या शपथविधीला उभं राहणाऱ्याचे पायच लटपटतील. काही ठिकाणी ‘धर्म’ लिहावाच लागतो. प्रश्न एवढाच आहे, की तो लिहिताना ज्या शंका काढून टाकल्या त्या कुठंतरी जपून ठेवल्या आहेत की नाही. ज्या समाजाकडे फक्त भिंती असतात आणि कच्ची चित्रं नसतात, त्याला आपल्या सद्गुणांची किंमत विसरायला वेळ लागत नाही. आणि किंमत विसरलेला माणूस तो सद्गुण दुसऱ्यांकडून फुकट मागू लागतो. निष्ठा मागतो, त्याग मागतो, दया मागतो. आणि ते देणाऱ्याच्या घरात काय होतं याची चौकशी करत नाही.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. संग्रहालयात किंवा पुस्तकात मोठ्या चित्राशेजारी त्याचं कच्चं रेखाटन लावलेलं दिसलं, तर घाईनं पुढे जाऊ नका. दोन्ही शेजारी ठेवून बघा : काय आलं, काय गेलं, आणि गेलेलं कोणाला नको होतं. डाइसच्या कागदावर एक राजा निरोप देतो आहे. भिंतीवर तो नाही. व्हिक्टोरियाच्या काळाबद्दल त्या रिकाम्या जागेनं आम्हाला जेवढं शिकवलं, तेवढं त्या खोलीतल्या पाचही चित्रांनी मिळून शिकवलं नाही.